खांब नव्हे, डोंगर

११ जानेवारी

ताई,

'प्रिय' लिहीत नाही. खोटं होईल.

तुझ्या केंद्राचं पत्र काल आलं. माथ्यावर पाच देशांची चिन्हं, तळाशी तुझी सही आणि सुरुवात 'मान्यवर स्टेशनप्रमुख' अशी. मान्यवर! लहानपणी मला 'ए शेंबडे' म्हणून हाक मारायचीस, ते परवडलं.

अशी पत्रं तुझ्या हाताखालून रोज जात असतील, म्हणून आठवण करून देते. तळ्याकाठच्या आमच्या स्टेशनची आकडेवारी गेले काही महिने 'अविश्वसनीय' आहे, तेव्हा संयुक्त जाळ्यातून ते वगळण्यात येत आहे, असं त्यात म्हटलंय. कारण दिलंय, 'स्थानिक देखभालीतील हयगय'. स्थानिक म्हणजे मीच ना? या डोंगरावर माझ्याखेरीज आणखी कोण स्थानिक आहे? बकऱ्या?

तो खांब आपण दोघींनी उभा केलाय. तेव्हा तू इथली प्रमुख होतीस आणि मी तुझी मदतनीस. खडकात पाय रोवलेला, छातीइतका उंच काँक्रीटचा खांब आणि त्याच्या डोक्यावर अँटेना. ती उपग्रहांना ऐकते आणि आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत ते मिलिमीटरपर्यंत सांगते. असे शेकडो खांब देशोदेशी ऐकत उभे आहेत, म्हणून समुद्र किती चढला ते कळतं, विमानं धावपट्टीवर नीट उतरतात. एका देशाचं हे काम नव्हे, भांडणारे देशसुद्धा इथे एकमेकांना आकडे देतात, असं तू मला किती वेळा ऐकवलंस. ऐकवताना तुझे डोळे चमकायचे. मीही भोळी, विश्वास ठेवला.

आता माझं ऐक. बोल्ट तपासले. अँटेना उतरवून दुसरी चढवली, तरी तेच. भोवतीच्या खडकात आपण ठोकलेल्या खुणांपासून खांबाचं अंतर पुन्हा मोजलं, केसाचाही फरक नाही. म्हणजे खांब खडकाला घट्ट धरून आहे. मग उरलं काय? खडकच निघालाय. अख्खा उतार तळ्याकडे सरकतोय आणि त्याच्या पाठीवर खांब, खुणा, माझी खोली, मी, सगळे सरकतोय. नावेत बसलेल्या दोघांमधलं अंतर मोजून नाव चाललीय का ते कसं कळणार, ताई? त्याला काठावरचा माणूस लागतो. तो काठावरचा माणूस म्हणजे तुझं केंद्र. आणि काठावरच्या माणसाने काय केलं, तर नावेतल्या बाईलाच बावळट ठरवलं.

'हयगय' हा तुझा आवडता शब्द. आई न्हाणीघरात पडली तेव्हा वीज कोसळून अँटेनाचा रिसिव्हर जळाला होता आणि मी डोंगरावर होते. शेजारणीने तिला दवाखान्यात नेलं. तू विमानाने आलीस, दारातच म्हणालीस, "तुझ्याच्याने तिची देखभाल होत नाही," आणि आठवड्याच्या आत आईला घेऊन गेलीस. मला विचारलं नाहीस. आईला विचारलंस तेही असं, की तिला नाही म्हणायला जागाच राहू नये. दोन वर्षं मी मूग गिळून बसले.

आता बसणार नाही. कारण आपल्या उताराच्या पायथ्याशी धक्का आहे आणि धक्क्यालगत वस्ती आहे. तुला माहीत आहे. चार वर्षं रोज संध्याकाळी तू तिथूनच दूध आणायचीस.

वगळण्याचा निर्णय मागे घे. टपालाला वेळ लागेल, म्हणून या पत्राचा फोटो काढून आजच पाठवतेय.

धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी. 'मोजणारी तूच आणि तपासणारीही तूच, त्यामुळे ही पडताळणी स्वतंत्र मानता येत नाही. भावना बाजूला ठेव. आई बरी आहे.' तिसऱ्या ओळीबद्दल आभार. निदान तिला स्वतंत्र पडताळणी लागली नाही.

तुझ्या त्या पत्राने इथे काय करून ठेवलंय ते सांगते. मी साहेबांकडे गेले होते. आपले जुने साहेब निवृत्त झाले. हे नवे, खात्यात येण्याआधी रस्तेबांधणीत होते. पायथ्याशी जो रुंद रस्ता चाललाय ना, धक्क्यापासून नव्या विश्रामगृहापर्यंत, तो यांच्याच काळात मंजूर झालाय. त्यासाठी उताराचा पाय कापून काढलाय. भिंतीला टेकलेल्या माणसाचे पाय खालून ओढावेत, तसा.

मी आलेख टेबलावर पसरले. म्हटलं, "साहेब, उतार सरकतोय. आधी हळूहळू होता, आता वेग वाढतोय. रस्त्याचं काम थांबवा आणि वस्ती हलवा."

त्यांनी आलेखाकडे पाहिलंसुद्धा नाही. खण उघडला, तुझं पत्र काढलं आणि माझ्यासमोर सरकवलं. "हे कुणाचं पत्र आहे, बाई?"

"केंद्राचं."

"पाच देशांचं केंद्र. काय म्हणतं? तुमचं यंत्र बिघडलंय म्हणतं. देखभाल नाही म्हणतं. आता बिघडलेल्या यंत्राच्या शब्दावर मी ऐंशी घरं उठवू?"

"यंत्र बिघडलेलं नाही."

"मग तुमच्या ताई खोटं बोलतात?"

त्यांना माहीत होतं, ताई. तू माझी बहीण आहेस हे त्यांना माहीत होतं आणि ते मजेत हसत होते. मी काय बोलणार? खोटं बोलते म्हटलं तर घरचं भांडण चव्हाट्यावर, खरं बोलते म्हटलं तर वस्ती खड्ड्यात. मी म्हटलं, "त्या चुकल्या आहेत." ते म्हणाले, "मग त्यांच्याकडून तसं लिहून आणा. मी लगेच रस्ता थांबवतो." आणि चहा मागवला. एकच कप.

परत येताना धक्क्यावर लाँचवाल्याकडे गेले. तू त्याला ओळखत नाहीस, तू गेल्यावर आला तो. तळ्याकाठच्या गावांना लाँच नेतो-आणतो आणि बायको तिकिटं फाडते. वस्ती तिला लाँचवाली म्हणते आणि नवऱ्यापेक्षा तिलाच जास्त घाबरते. तो दारात उकिडवा बसून दाराची खालची कड रंध्याने तासत होता.

"दार लागत नाही," म्हणाला. "थंडीत लाकूड फुगतं."

"थंडीत लाकूड फुगत नाही, आकसतं," बायको आतून ओरडली. "याच महिन्यात दोनदा तासलंय. आता अजून तासलंस तर खालून मांजर काय, लाँच आत येईल!"

मी चौकटीला ओळंब्याचा दोरा लावून पाहिला. चौकट तळ्याच्या बाजूला कलली होती. वस्तीत पाच-सहा घरं हिंडले. सगळीकडे तेच. कुणाचं दार, कुणाची खिडकी, शाळेच्या भिंतीला तर हात जाईल एवढी भेग. लोक म्हणाले, बांधताना मुकादमाने सिमेंट ढापलं.

हे तुझ्या 'स्वतंत्र पडताळणी'त बसतं का? नसेल. दाराला कुठे अँटेना असते.

धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

तुला आठवतंय का, दोन्ही सरकारांचं बरं चाललं होतं तेव्हा तळ्यापलीकडच्यांबरोबर आपण संयुक्त मोजणी केली होती? पलीकडच्या देशाची माणसं आपल्या उतारावर आली, आपण त्यांच्या काठावर गेलो. तेव्हा आपल्या उतारावर तीन ठिकाणी, थेट खडकात, काचेचे आरसे बसवले. पलीकडून लेझरचा किरण सोडला की तो आरशावर आपटून परत जातो आणि अंतर कळतं. मग आपली आणि त्यांची समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरून जुंपली, आणि आता एकमेकांना साधा आकडा द्यायला बंदी. आरसे मात्र तिथेच आहेत. काल जाऊन पुसून आले.

त्या आरशांना माझी अँटेना माहीत नाही. माझी देखभाल माहीत नाही. पलीकडच्या माणसाने त्यांच्यावर किरण टाकला आणि अंतर कमी भरलं, तर उतार सरकतोय हे शेंबडं पोरही सांगेल. ही तुझी स्वतंत्र पडताळणी. मी त्यांना विचारू शकत नाही, विचारलं तर तुरुंगात जाईन. ते आपणहून मोजू शकत नाहीत, दुसऱ्याच्या हद्दीत किरण टाकला म्हणून त्यांचं सरकार त्यांना फाडून खाईल. पण केंद्र विचारू शकतं. दोन्ही देश केंद्राचे सदस्य आहेत. एक पत्र लिही. एवढंच.

हे सगळं मी तुला दहा तारखेला कळवलं. उत्तर काय आलं? 'विषय विचाराधीन आहे.' त्यावर मी तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर आलं, पूर्णविरामासकट.

विचाराधीन! डोंगर विचार करत नाही, ताई. तो घसरतो.

म्हणून रविवारी आईला फोन केला. तुझ्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवूनच केला होता. पण आईने स्वतःहून काढलं.

"ती जेवत नाही गं," म्हणाली. "ताटावर बसते आणि फोन आला की उठून गॅलरीत जाते. कुणाशी भांडते कोण जाणे. त्या भाषेत भांडली की मला कळत नाही, पण भांडतेय एवढं कळतं. मान तुझ्यासारखीच हलवते."

"माझी आठवण काढते?"

"नाव घेत नाही. तू तरी कुठे घेतेस?"

"आई, तिने माझं स्टेशन बंद केलं. मी कामचुकार आहे असं जगाला लिहून दिलं."

आईने माझं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही दोघी भांडायच्यात तेव्हा मी दोघींना दोन खोल्यांत घालून कडी लावायचे. आता खोल्या फारच लांब झाल्या." आणि विचारलं, "तुझं पाऊल कसं आहे? थंडीत दुखायचं." एवढ्या लांबून, विसरभोळ्या बाईच्या लक्षात माझं पाऊल आहे. तुझ्या लक्षात काय आहे?

तू भांडतेस, ते पद टिकवायला भांडत असशील. मला फसवू नकोस. माझ्यासाठी भांडली असतीस तर एक ओळ लिहायला तुझे हात झडले नव्हते.

रस्त्याचं काम जोरात आहे. सुरुंग लावतात. प्रत्येक सुरुंगाला माझ्या खोलीतली चहाची किटली खडखडते.

धाकटी


१२ मार्च

ताई,

आज मला इतका राग आलाय की अक्षर लागलं नाही तर न लागो.

तळ्याच्या मधल्या बेटावर दोन्ही देशांची जकातीची एकच शेड आहे. माझ्या रिसिव्हरची नवी बॅटरी तिथे अडकली होती, ती सोडवायला लाँचने गेले. रांगेत माझ्यामागे एक म्हातारा उभा होता. उंच, कानावर पेन्सिल खोचलेली. बराच वेळ माझ्या जाकिटावरचं खात्याचं चिन्ह बघत होता. मग हळूच म्हणाला, "खांबवाल्या बाई तुम्हीच ना?"

पलीकडच्या स्टेशनचा प्रमुख. संयुक्त मोजणीच्या वेळी तो तिथे नव्हता. इतकी वर्षं केंद्रामार्फत एकमेकांचे आकडे वाचतोय, तोंड पहिल्यांदा बघितलं. पहारेकरी समोर होता, म्हणून आम्ही दोघं भिंतीवरच्या जकातीच्या दरपत्रकाकडे तोंड करून उभे राहिलो आणि ते वाचतोय असं दाखवत बोललो. दोन देशांचं सहकार्य, दरपत्रकाच्या साक्षीने!

मी म्हटलं, "तुमचा खांब कसा आहे?"

"उभा आहे. तुमचाच आमच्याकडे यायला निघालाय." आणि हसणं आवरून म्हणाला, "परवानगी आली परवा. काल सकाळी तिन्ही आरशांवर मोजलं. तिन्ही सरकलेत. वरचा कमी, खालचा फार. बाई, तो उतार उभा राहायचा नाही. आकडे कालच केंद्राला पाठवले."

"परवानगी? कुणी मागितली?"

त्याने माझ्याकडे वळून बघितलं. पहारेकऱ्यालाही विसरला. "तुम्हाला ठाऊक नाही? केंद्रप्रमुखांनी. जानेवारीतच. बारा तारखेचं पत्र आहे त्यांचं. आमचं मंत्रालय म्हणालं, पाचही देशांची संमती असेल तर. मग त्या पाचही देशांच्या मागे लागल्या. तुमच्याच देशाची सही सगळ्यांत शेवटी आली. आणि सही होईपर्यंत कुठे वाच्यता नको, तुमच्या साहेबांच्या कानावर गेलं तर ते अडवतील, असं त्यांनी आम्हाला बजावलं होतं."

बारा जानेवारी. माझं पहिलं पत्र अकराचं.

म्हणजे माझं पत्र वाचल्याबरोबर, दुसऱ्याच दिवशी, तू कामाला लागलीस. आरशांचं मी तुला फेब्रुवारीत सांगितलं, तुला ते महिनाभर आधी सुचलं होतं. माझ्यावर तुझा विश्वास बसला होता. पहिल्या पत्रालाच बसला होता! आणि मला काय लिहिलंस? 'भावना बाजूला ठेव.' 'विषय विचाराधीन.'

लोक म्हणतील, बहिणीने गुपचूप मदत केली, आता तरी राग सोड. नाही सोडणार. वाढलाय. दोन महिने मी इथे भिंतीवर डोकं आपटत होते. साहेब तुझं पत्र माझ्या तोंडावर मारत होते. त्यांच्या कचेरीतले लोक मला 'हलणारी बाई' म्हणून हसत होते. तुझी एक ओळ आली असती, की शेंबडे, मला पटलंय, जरा थांब, तर मी थांबले असते. मी कुणाला सांगितलं असतं? तुला वाटलं मी बोलून बसेन. माझ्याच्याने गुपित सांभाळलं जाणार नाही. तिथेही हयगय होईल, नाही का?

साहेबांना घाबरलीस ते समजू शकते. मला घाबरलीस, ते नाही.

आणि ते 'अविश्वसनीय' असलेलं पत्र? ते अजून मागे घेतलेलं नाहीस. साहेबांच्या खणात आहे. तेवढं कर आधी. आज कर.

धाकटी


२९ मार्च

ताई,

बातम्यांत आलंच असेल. तरी मी लिहिते, कारण बातम्यांत खोटं आलंय.

तुझा सुधारित अहवाल सोळाला आला. 'स्टेशनची आकडेवारी अचूक असून उतार वाढत्या वेगाने सरकत आहे. केंद्राचा पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता आणि ती चूक केंद्रप्रमुखाची आहे.' शेवटची ओळ मी दोनदा वाचली. एवढंच सांगते.

साहेबांनी तो आपल्या खात्याच्या तज्ज्ञ समितीकडे पाठवला. समितीची बैठक पुढच्या महिन्यात. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात, लिहून आणा, लगेच रस्ता थांबवतो." ते म्हणाले, "लगेच म्हणजे रीतीप्रमाणे लगेच."

मग मी रीत सोडली. अहवाल घेतला आणि धक्क्यावर गेले. शाळेच्या पायरीवर उभी राहून मोठ्याने वाचला. निम्म्यांना कळला नाही. लाँचवालीला कळला. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे लाकूड फुगलं नव्हतं." मग वळून सगळ्या वस्तीवर ओरडली, "बघता काय? भांडी आवरा!"

पलीकडच्या म्हाताऱ्यानेही आपल्या काठावर तेच केलं. तोच अहवाल त्यांच्याकडेही गेला होता. उतार तळ्यात पडला तर लाट त्यांच्या बाजारपेठेत शिरणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांच्या सरकारने दुसऱ्याच दिवशी काठ रिकामा केला. आपल्या सरकारला त्या दिवशी बेटाचं भांडण आठवलं. म्हणे, शत्रूच्या सांगण्यावरून आपण पळायचं?

रस्त्याचे मजूर काम टाकून निघून गेले. चार दिवसांत वस्ती रिकामी झाली, जवळजवळ. माणसं वरच्या पठारावरच्या गोदामात राहायला गेली. मी खोली सोडली, रिसिव्हर चालू ठेवला. साहेबांनी मला निलंबित केल्याचा कागद गोदामातच आणून दिला. मी त्याच्यावर किटली ठेवली.

पंचवीसला, दुपारी. जेवणं नुकती झाली होती. आधी आवाज आला नाही, धूळ दिसली. मग झाडं उभीच्या उभी चालायला लागली. पडली नाहीत, ताई, चालली. रस्ता, विश्रामगृहाचा पाया, माझी खोली, आपला खांब, सगळं एकसंध खाली गेलं आणि मग तो आवाज आला. तळं उठून उभं राहिलं. पलीकडच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी शिरलं. तिथे माणूस नव्हता. एकसुद्धा नाही.

आपल्याकडे एक होता.

लाँच वर आणता येत नव्हती. धक्क्यालाच बांधली होती. लाँचवाला रोज म्हणायचा, इंजिन तरी सोडवून आणतो, लाँच गेली तर जाऊ दे. बायको रोज नाही म्हणायची. त्या दिवशी ती गोदामामागे कपडे धूत होती. तो पाना घेऊन खाली गेला. जाताना शेजाऱ्याला म्हणाला, "तिला सांगू नकोस, ओरडेल. ती कपडे वाळत घालेपर्यंत येतो."

पाचही देशांच्या सह्यांसाठी दोन महिने. रीतीप्रमाणे लगेच करायला आणखी नऊ दिवस. जानेवारीत तुझा पहिला कागद वेगळा असता, तर लाँचवाला फेब्रुवारीतच लाँच घेऊन दुसऱ्या धक्क्याला गेला असता. मी हिशेब मांडत नाहीये. पण रोज सकाळी उठले की हेच डोक्यात येतं, आणि डोक्यात येतं तेव्हा तुझा चेहरा येतो, साहेबांचा येतो. कुणाचा आधी येतो ते विचारू नकोस.

आईला सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. निदान एवढं तरी दोघींनी मिळून करू.

धाकटी


१७ एप्रिल

ताई,

आईने कळवलं की तू राजीनामा दिलास आणि पाचही देशांनी तो परत पाठवला. आणि माझी पत्रं तू उशीखाली ठेवतेस. आईच्या पोटात काही राहत नाही. बरं आहे की राहत नाही.

काल इथे सभा झाली. तालुक्याच्या मोठ्या सभागृहात, गालिचा वगैरे घालून. व्यासपीठावर साहेब, मंत्री आणि पलीकडच्या देशाचा कुणी प्रतिनिधी. बेटाचं भांडण तूर्त मिटवलंय म्हणे, आता दोघांनाही एकमेकांचे फोटो हवेत. पलीकडचा म्हाताराही आला होता, तिसऱ्या रांगेत माझ्याशेजारी बसला. या वेळी दरपत्रकाची गरज पडली नाही. माझं निलंबन सकाळीच रद्द झालं होतं, फोटोसाठी.

साहेब बोलायला उभे राहिले. उपग्रह, लेझर, पाच देशांचा परस्परविश्वास, विज्ञानाला सीमा नसतात. तुझीच वाक्यं, ताई, चमकणाऱ्या डोळ्यांशिवाय. 'आमच्या खात्याने वेळीच पावलं उचलल्यामुळे शेकडो प्राण वाचले.' मी उठणारच होते. चपलेत पाय घातले होते. काय बोलायचं ते महिनाभर तोंडात घोळवत होते.

माझ्याआधी मागून आवाज आला. "मला विचारायचंय."

लाँचवाली. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून उभी होती. कुणीतरी म्हणालं, बसा बाई, नंतर. ती बसली नाही.

"तुम्ही जानेवारीपासून एकमेकांना पत्रं लिहीत होतात," ती म्हणाली. ओरडली नाही. आयुष्यभर ओरडलेली बाई, पण काल साध्या आवाजात बोलली. "या देशाचं त्या देशाला. साहेबांचं समितीला. या बाईंचं त्यांच्या बहिणीला. सगळ्यांना ठाऊक होतं, निदान शंका होती. पत्रं तळ्यावरून जात होती, आमच्या डोक्यावरून जात होती. त्यातलं एक आम्हाला का नाही लिहिलंत? वाचता येतं आम्हाला. मीच तिकिटं लिहायचे."

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि नुसता धरून ठेवला. म्हाताऱ्याने कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली, मान खाली घातली. मी चपलेत पाय घालून बसले होते, तशीच बसून राहिले. तोंडात घोळवलेलं सगळं साहेबांसाठी होतं. तिच्यासाठी माझ्याकडे एक शब्द नव्हता.

बाहेर पडताना ती दारात भेटली. मला वाटलं, तोंडावर थुंकेल. ती म्हणाली, "मी उद्या आहे. परवाही आहे. कुणाला उत्तर सुचलं तर गोदामात या." आणि निघून गेली.

पलीकडचा म्हातारा म्हणाला, नवा खांब तुमच्या पठारावर उभा करू, माझी माणसं आणतो, या वेळी परवानगी आहे. खुशाल उभा करा म्हटलं. मी करेन ते काम. नीटच करेन. देखभालही करेन, तुला लिहून देते.

पण ताई, त्याआधी तू ये. व्यासपीठासाठी नाही, अहवालासाठी नाही. आईला सोबत आण, तिला मी सांभाळते. तू आणि मी गोदामात जाऊ. तू साहेबांचं नाव घ्यायचं नाहीस, मीही नाही. पाच देशांच्या सह्यांचं काही सांगायचं नाही. तिच्यासमोर चटईवर बसायचं आणि ती विचारेल त्याला उत्तर द्यायचं. नसेल उत्तर, तर नाही म्हणून सांगायचं, पण तिच्या तोंडाकडे बघून.

मी तुला माफ केलेलं नाही. ते नंतर बघू, की नाही बघू, मला ठाऊक नाही.

आज संध्याकाळी मी गोदामाच्या वाटेपर्यंत गेले आणि परत फिरले. तिच्या दारात मी एकटी जाणार नाही. विमान पकड.

धाकटी